यादवीची पेटी: खेळ चांगला, कापसाचा नियम कच्चा

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धावरचा हा मराठी पट-खेळ आता विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतही पुस्तकांच्या दुकानात सांगून ठेवला की मिळतो. किंमत १,६५० रुपये. रशियाच्या यादवीची जोडपेटी वेगळी घ्यावी लागते, तिचे ३५० रुपये. शाळा, गावचं ग्रंथालय किंवा स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका यांनी तो घ्यावा का, एवढाच इथे प्रश्न आहे. आमचं उत्तर हो असं आहे, पण कापूस आणि गुलाम माणसं या दोन ठिकाणचे नियम बदलून खेळावा लागेल. छापील नियमांनी खेळलात तर गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिण का हरली याचं चुकीचं कारण घेऊन पोरं घरी जातील.

पेटीत मांजरपाटावर छापलेला ९० बाय ६० सेंटिमीटरचा नकाशा आहे. उत्तरेच्या निळ्या सोंगट्या ४०, दक्षिणेच्या करड्या २८. लाकडी वाघिणी उत्तरेला १२, दक्षिणेला ५. कापसाच्या ३० पांढऱ्या गठाणी, श्रमाचे ९ तपकिरी ठोकळे, दोन रंगांच्या नोटा, कर्जरोख्यांचे पत्ते, चार फासे आणि पुठ्ठ्याचं एक भावचक्र. डाव १६ फेऱ्यांचा असतो आणि एक फेरी म्हणजे तीन महिने. पहिली फेरी एप्रिल ते जून १८६१, शेवटची जानेवारी ते मार्च १८६५. दोघं खेळू शकतात, पण खरी मजा तीन-तीनच्या दोन गटांत येते: एकाकडे पैसा, एकाकडे वाहतूक, एकाकडे फौज. नवख्यांना पूर्ण डावाला पाच तास धरा. शाळेत दोन शनिवारांत वाटून घ्यावा. आठवी फेरी संपली की मोबाइलवर नकाशाचा फोटो काढून पेटी बंद करावी.

जिंकण्याची अट बरोबर बसवली आहे आणि खेळाचं निम्मं श्रेय तिला जातं. उत्तरेला सोळाव्या फेरीच्या आत दक्षिणेची राजधानी रिचमंड घ्यावी लागते आणि मिसिसिपी नदी पूर्ण ताब्यात आणून दक्षिणेचे दोन तुकडे करावे लागतात. दक्षिणेला काहीच जिंकायचं नसतं. सोळा फेऱ्या तग धरला किंवा त्याआधी उत्तरेचं जनमत शून्यावर आणलं, की डाव तिचा. त्यामुळे ‘उत्तरेकडे माणसं जास्त, कारखाने जास्त, म्हणून ती जिंकली’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य पहिल्या तासातच अपुरं पडतं. माणसं जास्त होतीच. उत्तरेत सुमारे २ कोटी २० लाख आणि दक्षिणेत ९० लाख, त्यातले सुमारे ३५ लाख गुलाम. पण उत्तरेला एक अवाढव्य मुलूख जिंकून, तो धरून, लोकांना दमवत नेऊन शेवट गाठायचा होता. दक्षिणेला फक्त समोरच्याला कंटाळा आणायचा होता.

दर फेरीत पाच टप्पे येतात: पैसा, वाहतूक, नाकेबंदी, लढाई, जनमत. नवे खेळाडू पहिले तीन टप्पे घाईत उरकून चौथ्यावर येतात, कारण फासे तिथे आहेत. इथेच खेळ करणाऱ्याने शहाणपणा दाखवला आहे. लढाईत चांगल्या सेनापतीचा पत्ता फाशाला जास्तीत जास्त एक मिळवून देतो. रॉबर्ट ली आहे म्हणून दक्षिण जिंकत नाही, ग्रांट आहे म्हणून उत्तर जिंकत नाही. निकाल बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यातच लागलेला असतो.

वाहतुकीचा नियम असा: आपल्या कोठारापासून दूर असलेल्या प्रत्येक सोंगटीला दर फेरीत एक वाघीण माल लागतो. नाही मिळाला तर सोंगटी आडवी पाडायची. आडवी सोंगटी लढत नाही, आणि सलग दोन फेऱ्या आडवी राहिली तर पटावरून उचलायची. रुळापासून दोन घरांपलीकडे फौज गेली की एका वाघिणीऐवजी तीन खर्ची पडतात, कारण पुढचा माल खेचरांच्या गाड्यांनी न्यावा लागतो आणि खेचरांचा चाराही त्याच गाड्यांतून जातो. हे गणित मुलांना सांगावं लागत नाही. दक्षिणेचा खेळाडू पाच वाघिणी घेऊन तिसऱ्या फेरीत वॉशिंग्टनवर चाल करतो आणि चौथ्या फेरीत त्याच्या अर्ध्या सोंगट्या लोळत असतात.

तरीही रेल्वेच्या नियमात एक उणीव आहे. छापील नियमाप्रमाणे रुळाचा प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंना सारखाच चालतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. प्रत्यक्षात उत्तरेकडे सुमारे ३५,००० किलोमीटर लोहमार्ग होते, दक्षिणेकडे सुमारे १४,५००, आणि खरा फरक लांबीच्या पुढचा होता. दक्षिणेत रुळांची रुंदी जागोजागी वेगळी होती. पीटर्सबर्गसारख्या शहरात दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना जोडलेलेच नव्हते. माल उतरवून गाडीने गावातून पलीकडे न्यायचा आणि पुन्हा चढवायचा. मोठं लोखंडकाम करणारा कारखाना म्हणजे मुख्यतः रिचमंडचा ट्रेडेगर, आणि त्याला तोफा ओतण्यातून सवड नव्हती. युद्धाच्या काळात दक्षिणेत नवे रूळ जवळजवळ झालेच नाहीत. फाट्यावरचे रूळ उखडून मुख्य मार्गावर टाकले गेले. वॉशिंग्टनच्या सरकारने जानेवारी १८६२ मध्येच रेल्वे ताब्यात घेण्याचा अधिकार कायद्याने मिळवला. रिचमंडचं सरकार मात्र कंपन्यांच्या आणि राज्यांच्या नाराजीला भीत फार उशिरापर्यंत अडून राहिलं.

म्हणून ही दुरुस्ती करा: पाचव्या फेरीपासून दर दुसऱ्या फेरीला दक्षिणेने आपल्या एका रुळतुकड्यावर तुरीचा दाणा ठेवायचा. दाणा असलेल्या तुकड्यावरून दोनऐवजी एकच सोंगटी जाते, दोन दाणे झाले की तुकडा बंद. दुरुस्ती करायची असेल तर दुसरा एक तुकडा कायमचा बंद करून त्याचा दाणा काढता येतो. एवढ्या एका नियमाने दहाव्या फेरीनंतरचा दक्षिणेचा खेळ खऱ्या इतिहासाजवळ येतो.

इथेच एक छपाईची चूक. काही पेट्यांमध्ये चॅटनूगा ते अटलांटा हा रूळ नकाशावर छापलेलाच नाही. पेटी घेतल्याबरोबर तपासा आणि नसेल तर कापडावर चालणाऱ्या काळ्या पेनने आखून घ्या, कारण चौदाव्या फेरीचा सगळा खेळ त्या रेघेवर उभा आहे. १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेचा माल लुइव्हिलपासून नॅशव्हिल, चॅटनूगामार्गे अटलांटापर्यंत गेला तो एका एकेरी मार्गावर, सुमारे ७६० किलोमीटर. त्या एका रुळावर १ लाख माणसं आणि ३५,००० जनावरं १९६ दिवस जगली. हाच माल रस्त्याने न्यायचा तर सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, असा शर्मनचाच हिशेब होता. हा आकडा फळ्यावर लिहा. बंडीने कापूस नेलेल्या घरातल्या पोरांना तो लगेच कळतो.

पैशाचा टप्पा हा पेटीतला सर्वांत चांगला भाग आहे. प्रत्येक बाजूला तीन वाटा: कर लावा, रोखे विका, नोटा छापा. कर लावला की जनमत एकाने खाली येतं. रोखे विकायचे तर मागच्या फेरीत कुठेतरी यश मिळालेलं हवं, नाहीतर घेणारा मिळत नाही. नोटा छापायला काहीच लागत नाही. त्यामुळे दक्षिणेच्या गटात पहिल्या फेरीपासून ‘नोटा छाप ना बे’ सुरू होतं. छापलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला भावचक्र एक घर पुढे सरकतं. चक्रावरचे आकडे आधी १, २, ३ असे हळू चढतात आणि मग ९, १५, ३०, ६०, ९० अशा उड्या मारतात. बाराव्या फेरीत दक्षिणेचा खजिनदार दोन्ही हातांत मावणार नाहीत एवढ्या नोटा घेऊन बसलेला असतो आणि त्यात एक वाघीणही येत नाही.

प्रत्यक्षात घडलं ते जवळपास असंच. दक्षिणेने युद्धखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग नोटा छापून भागवला. करातून आलेला वाटा फारच लहान होता. चार वर्षांत तिथले भाव सुमारे ९० पट झाले. उत्तरेनेही फेब्रुवारी १८६२ च्या कायद्याने हिरव्या पाठीच्या नोटा काढल्या, पण तिचा मोठा भार रोख्यांवर होता. जे कुक या सावकाराने ते रोखे गावोगावच्या लहान माणसांना विकले. सोबत आयकर आला, आणि भाव दुपटीच्या आतच राहिले. दक्षिणेने कर का लावला नाही, असं पोरं विचारतात आणि नियमपुस्तिका त्यावर गप्प आहे. शिकवणाऱ्याने सांगावं की तिथली संपत्ती जमीन आणि गुलाम यांत अडकलेली होती, रोकड थोडी होती, नाकेबंदीने जकात बुडाली होती, आणि गुलामगिरी वाचवायला राज्यांच्या अधिकाराचा दाखला देत ज्या राज्यांनी फारकत घेतली त्यांच्याकडूनच केंद्राला कर मागायचा होता.

एप्रिल १८६३ मध्ये दक्षिणेने शेतमालाचा दहावा हिस्सा वसूल करायला सुरुवात केली. खेळात या पत्त्यावर दोन वाघिणी फुकट मिळतात, आणि पत्ता इथे फसतो. वसुली झाली, पण माल पुष्कळदा स्टेशनवरच कुजला, कारण उचलायला गाडी नव्हती. आणि बोजा पडला तो लहान शेतकऱ्यावर. त्याच एप्रिलमध्ये रिचमंडमध्ये बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली. त्याआधीच्या ऑक्टोबरात २० गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट देणारा कायदा झाला होता. ज्याच्या घरात एकच कमावता माणूस, तो फौजेत. ज्याच्याकडे मळा, तो घरी. फौज सोडून जाणाऱ्यांची संख्या वाढली ती घरून आलेली पत्रं वाचून. तेव्हा हा पत्ता वापरला की वाघिणी दोनच द्या, पण जनमतातून दोन घरं काढून घ्या.

आता कापूस. वऱ्हाडात बसून हा खेळ खेळताना हा भाग सर्वांत जास्त खटकतो.

छापील नियम असा की दक्षिणेने कापूस विकला तर पैसे मिळतात आणि कोठारात दाबून ठेवला तर १२ गठाणी साठल्यावर ब्रिटन तिला स्वतंत्र देश म्हणून मान्यता देतं. मग उत्तरेची नाकेबंदी संपते. पटाच्या कडेला ‘हिंदुस्थान’ असं एक घर आहे. तिसऱ्या फेरीपासून त्यातून दर फेरीला एक गठाण ब्रिटनला जाते. एवढंच. परिणामी हुशार खेळाडू सहाव्या-सातव्या फेरीत मान्यता खिशात घालतो आणि डाव संपवतो. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना अगदी हेच होईल असं वाटत होतं. तसं झालं नाही, आणि ते का झालं नाही हे या खेळाने शिकवायला हवं होतं.

भाव चढेल म्हणून कापूस घरात धरून ठेवायचा आणि चुकाऱ्याची गरज पडली तेव्हा बाजार पडलेला असायचा, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. दक्षिणेने १८६१ मध्ये तेच सबंध देशाच्या पातळीवर केलं. उत्तरेची नाकेबंदी त्या वर्षी कागदावरच होती. सुमारे ५,६०० किलोमीटरचा किनारा आणि मोजकीच जहाजं. त्या काळात कापूस बाहेर काढून बंदुका, रूळ, इंजिनं आणता आली असती. त्याऐवजी माल बंदरांतून रोखून धरला. आणि नेमकं त्याच वेळी आधीच्या मोठ्या पिकांमुळे ब्रिटनच्या वखारी भरलेल्या होत्या. लँकेशायरच्या गिरण्यांना टंचाई जाणवली ती १८६२ मध्ये. तोवर किनाऱ्यावर उत्तरेची जहाजं वाढली होती आणि एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिअन्स पडलं होतं. गिरणीमजुरांचे हाल झाले, तरी ब्रिटिश सरकार हललं नाही. १८६२ मध्ये ब्रिटनला सर्वांत जास्त कापूस पुरवणारा देश हिंदुस्थान झाला होता. आपला माल आखूड धाग्याचा, कचरा जास्त, तिकडचे कातणारे ‘सुरती’ म्हणून नाकं मुरडत. पण चालवून घेतला.

खेळातलं ‘हिंदुस्थान’ घर मात्र नळ सोडल्यासारखं दर फेरीला गठाण देतं, हेही खोटंच. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला होता, पण युद्ध चालू असताना रेल्वे नागपूरला पोचली नव्हती. ती आली १८६७ मध्ये. खामगावचा फाटा १८७० चा. म्हणजे त्या वर्षांत हिंगणघाटची बनी काय आणि खामगावचा कापूस काय, बंडीने लोहमार्गाच्या टोकापर्यंत किंवा थेट मुंबईकडे. काळ्या मातीत पाऊस लागला की बंडीचं चाक फिरत नाही, म्हणून जूनच्या मध्यापासून वाटा बंद. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते, मग सरकी काढायची, गठाणी दाबायच्या, मुंबईला न्यायच्या. सुएझ कालवा १८६९ चा, तेव्हा जहाज आफ्रिकेला वळसा घालूनच जाणार. आज भाव चढला म्हणून पेरलेली पऱ्हाटी लिव्हरपूलला उतरायला वर्ष उलटतं.

या सगळ्याचा नियम करायचा तर असा करा. पहिल्या चार फेऱ्यांत दाबून ठेवलेल्या गठाणींचा ब्रिटनवर काहीही परिणाम नाही; तिथल्या वखारी भरलेल्या आहेत. मान्यतेची मर्यादा १२ वरून १८ करा. हिंदुस्थानच्या घरातून जुलै ते डिसेंबर या दोन फेऱ्यांत काहीच निघणार नाही. जानेवारी ते जून या दोन फेऱ्यांत भावचक्रासारखं कापसाच्या भावाचं वेगळं माप ठेवून भाव ३ च्या वर असेल तर दोन, ५ च्या वर असेल तर तीन गठाणी निघतील. निघालेली गठाण दोन फेऱ्यांनी पोचेल. पोचलेली प्रत्येक गठाण दक्षिणेच्या साठ्यातून एक वजा करते. आता दक्षिणेला पहिल्याच वर्षी ठरवावं लागतं: कापूस विकून रूळ आणायचे की धरून बसून ब्रिटनची वाट पाहायची. बहुतेक गट धरून बसतात. सहाव्या फेरीत मुंबईहून गठाणी उतरू लागल्या की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

गठाणींचे लाकडी ठोकळे हरवतात. त्यांच्या जागी सरकी वापरा. साफ न केलेली, तंतू असलेली सरकी कापडी नकाशाला चिकटून बसते आणि पंखा चालू असला तरी हलत नाही. नोटांना मात्र वजन ठेवावंच लागतं.

ब्रिटनचा एक पत्ता मनापासून आवडला, तो सोऱ्याचा. उत्तरेची बारूद बनत होती ती मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानातून येणाऱ्या सोऱ्यावर. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या जहाजाने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश बोटीवरून दक्षिणेचे दोन वकील, म्हणजे राजदूत, उचलले. ब्रिटनने सोऱ्याची निर्यात थांबवली, आणि डिसेंबरच्या शेवटी लिंकनच्या सरकारने ते वकील सोडून दिले. हा पत्ता आला की उत्तरेचा उद्दाम खेळाडूही निमूटपणे दोन सोंगट्या मागे घेतो.

दुसरी मोठी चूक श्रमाच्या ठोकळ्यांची. दक्षिणेला सुरुवातीला नऊ तपकिरी ठोकळे मिळतात, प्रत्येक ठोकळा दर फेरीला धान्य किंवा खंदक देतो, आणि ते ठोकळे शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत. म्हणजे लाखो माणसं जणू जमिनीचा भाग. नियमपुस्तिकेत लिंकनच्या गुलाममुक्तीच्या घोषणेचा पत्ता आहे, पण त्याने फक्त उत्तरेचं जनमत दोनाने वाढतं.

मे १८६१ मध्येच, घोषणेच्या दीड वर्ष आधी, व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यात तीन गुलाम पळून आले आणि उत्तरेच्या जनरल बटलरने त्यांना शत्रूची जप्त मालमत्ता ठरवून परत द्यायला नकार दिला. मागोमाग शेकडो आले. उत्तरेची फौज जिथे जिथे पोचली तिथे मळ्यांतलं काम ढासळलं: कुणी पळालं, कुणी काम सोडलं, कुणी वाटा आणि ठाणी दाखवली. १ जानेवारी १८६३ च्या घोषणेने त्यांना फौजेत घेण्याचा रस्ता उघडला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले, म्हणजे तिच्या फौजेतला साधारण दहावा भाग. यात दक्षिणेचं दुहेरी नुकसान आहे. एक माणूस तिच्या वावरातून वजा होतो आणि तोच समोरच्या फौजेत मिळवला जातो. दक्षिणेने स्वतः गुलामांना सैनिक करण्याचा कायदा केला तो मार्च १८६५ मध्ये, शरणागतीला महिना उरला असताना.

बदल सोपा आहे. निळी सोंगटी तपकिरी ठोकळ्याच्या शेजारच्या घरात आली की फासा टाका. ४, ५, ६ पडलं तर ठोकळा उत्तरेच्या कोठारात जातो आणि तिथे एका वाघिणीएवढं काम देतो. आठव्या फेरीपासून उत्तरेला असे दोन ठोकळे देऊन एक नवी निळी सोंगटी उभी करता येते. याने नकाशावरच्या हालचालींचा अर्थच बदलतो. रिचमंडकडे सरळ धडका मारणारा उत्तरेचा खेळाडू मिसिसिपीच्या काठाने मळ्यांच्या मुलखात उतरू लागतो. मुलांना हा विषय नाजूक वाटू नये म्हणून शिक्षक ठोकळे बाजूला ठेवून खेळवतात, असं काही ठिकाणी दिसलं. तसं करू नये. ठोकळे काढले की युद्ध कशासाठी होतं तेच पटावरून जातं.

१८६४ च्या निवडणुकीचा नियम जसा छापला आहे तसाच ठेवा. पंधराव्या फेरीत उत्तरेचं जनमत ८ च्या खाली असेल तर सरकार बदलतं आणि तह होतो, डाव दक्षिणेचा. चौदाव्या फेरीत अटलांटा पडलं असेल तर जनमत चाराने वर जातं. हे खऱ्याच्या फार जवळ आहे. त्या उन्हाळ्यात व्हर्जिनियात माणसं इतकी पडली होती की २३ ऑगस्टला लिंकनने आपण बहुधा हरणार असं स्वतः लिहून ठेवलं आणि मंत्र्यांच्या त्या बंद कागदावर सह्या घेतल्या. २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. नोव्हेंबरात तो २१२ विरुद्ध २१ निर्वाचक मतांनी निवडून आला, आणि फौजेतल्या मतदारांनीही भरभरून त्यालाच मत दिलं. तेव्हा चौदाव्या फेरीपर्यंत दक्षिणेच्या गटाला हातात काही उरलं नाही असं वाटू देऊ नका. अटलांटासमोर दोन करड्या सोंगट्या एक फेरी जास्त टिकल्या तर डाव फिरतो.

बाजू वाटण्यावरून भांडण होतंच, सगळ्यांना उत्तर हवी असते. हर्रास लावा. उत्तर घेण्यासाठी कोण किती जनमत सोडायला तयार आहे अशी बोली. उत्तरेचं सुरुवातीचं जनमत १२ आहे, बोली २ किंवा ३ वर थांबली तर डाव बरोबरीचा होतो. बोली ४ च्या वर गेली तर समजा की उत्तर घेणाऱ्याने निवडणुकीचा नियम वाचलेला नाही.

माल कसा आहे? मध्यम. नकाशाचं कापड टिकाऊ, पण लाल शाई पहिल्या धुण्यात पसरते, म्हणून चहा सांडला तरी ओल्या फडक्याने टिपून घ्या, धुऊ नका. पत्त्यांवरचा प्लास्टिकचा थर एप्रिल-मेच्या उन्हात वळतो. पत्ते रबर न लावता सपाट डब्यात वर वजन ठेवून ठेवा. निळा आणि करडा हे रंग दिवसा ठीक, पण लाइन गेल्यावर इमर्जन्सी दिव्यात एकसारखे दिसतात. करड्या सोंगट्यांच्या डोक्यावर काळ्या मार्करने ठिपका द्या. भावचक्राची मधली पितळी खीळ लवकर सैल होते. तिथे शर्टाचं बटण घालून शिवलं की पक्कं बसतं. सतरंजीवर नकाशा सरकतो, टेबल नसेल तर चारही कोपऱ्यांना टाचण्या लावा.

रशियाची जोडपेटी १९१८ ते १९२० या काळाची आहे आणि ती याच नियमांवर बसवली आहे. लालांकडे, म्हणजे बोल्शेविकांकडे, मॉस्को आणि पेट्रोग्राडचा मधला मुलूख, सगळे लोहमार्ग तिथून फुटतात, जुन्या झारशाही फौजेचा दारूगोळा आणि कारखाने बहुतांशी तिथेच. पांढरे, म्हणजे त्यांचे विरोधक, कडेने पसरलेले: पूर्वेला सायबेरियात कोल्चाक, दक्षिणेला डेनिकिन, वायव्येला युडेनिच. लाल फौज एकच राखीव सोंगटी आज एका आघाडीवर आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या आघाडीवर नेऊ शकते. पांढऱ्यांना ते शक्य नाही. एवढं बरोबर जमलं आहे. शेतकऱ्याचाही पत्ता चांगला: जमिनीचा प्रश्न पांढऱ्यांनी लढाई संपेपर्यंत लांबणीवर टाकला, म्हणून त्यांच्या पाठीमागच्या मुलखात दर फेरीला एक सोंगटी बंडखोरी दाबण्यात अडकते. लालही गावातून धान्य ओरबाडत होतेच, त्यांच्याही मागे बंडं होती. पण जमीनदार परत येईल ही भीती शेतकऱ्याला पांढऱ्यांकडून जास्त होती.

फसतं ते इथे की पांढऱ्यांच्या तिन्ही फौजा एकाच खेळाडूच्या हातात आहेत. त्यामुळे तो तिन्ही चाली एकाच फेरीत जुळवून मॉस्को घेतो, आणि हे प्रत्यक्षात कधीच जमलं नाही. १९१९ मध्ये कोल्चाकचा जोर वसंतात होता आणि उन्हाळ्यापर्यंत तो मागे रेटला गेला होता. डेनिकिन ओरेलला पोचला आणि युडेनिच पेट्रोग्राडच्या वेशीवर आला तो ऑक्टोबरात. ही पेटी चार जणांनीच खेळावी. पांढऱ्यांचे तीन खेळाडू वेगळे बसवा, त्यांना आपसात बोलू देऊ नका, चिठ्ठी द्यायची तर ती एक फेरी उशिरा पोचेल. शिवाय तिघांपैकी मॉस्कोत जो आधी शिरेल त्यालाच जास्त गुण, असं ठेवा. मग आपोआपच कुणी कुणासाठी थांबत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी चीनच्या १९४५ ते १९४९ च्या युद्धावर दोन पानं आहेत. हुआइहाइच्या लढाईत लाखो शेतकऱ्यांनी हातगाड्यांनी कम्युनिस्ट फौजेला धान्य पोचवलं, आणि राष्ट्रवाद्यांनी ऑगस्ट १९४८ मध्ये काढलेलं सोन्याचं युआन काही महिन्यांत मातीमोल झालं, एवढं त्यात आहे. माहिती नीट आहे, पण तिला पत्ते नाहीत, म्हणून ती कुणी वाचत नाही.

शाळेने आधी फक्त मोठी पेटी घ्यावी. जोडपेटीचे पत्ते मोठ्या पेटीच्या सोंगट्यांवरच चालतात, स्वतंत्र सोंगट्या तिच्यात नाहीत. दुकानदार हे सांगत नाही आणि नुसती जोडपेटी घेऊन गेलेली मंडळी परत येतात. अभ्यासिकेत राज्यसेवेच्या तयारीवाल्यांना पूर्ण डावाला वेळ नसेल तर बारावी ते सोळावी फेरी एवढाच तुकडा खेळवा. त्यासाठीची मांडणी पुस्तिकेच्या ३१ व्या पानावर आहे, फक्त तिथे दक्षिणेचं भावचक्र ९ वर ठेवलं आहे ते ३० वर न्या.